वासंतीच्या नावाने आत आलेला पगार

वासंती गोताडच्या नवऱ्याचा पगार मस्कतहून दर महिन्याला एसटीने यायचा, सुरंगवाडीच्या थांब्यावर उतरायचा आणि चालत घरी यायचा. कंडक्टर त्याचं पूर्ण तिकीट फाडायचा. परतीचं तिकीट कधी लागलं नाही, कारण पगार परत जात नसे.

सुरंगवाडीत याचं कुणाला नवल नव्हतं. निम्म्या घरांतले पुरुष आखातात, आणि त्यांचे पगार महिन्याच्या सुरुवातीला एकाच गाडीतून उतरायचे. अंगात पांढरा सदरा, पायांत बूट, आणि तोंडवळा ज्याचा त्याचा. सुहासचा पगार सुहाससारखाच उंच होता. नाक तेच, चालताना डावा खांदा पाडायची खोड तीच, आणि मनगटावर एसीच्या तापल्या नळीने भाजल्याचा डागही तसाच. बोलायचा मात्र नाही. पगार बोलत नाहीत. "कसे आहेत हो ते?" असं वासंतीने सुरुवातीला एक-दोनदा विचारून पाहिलं, तेव्हा त्याने फक्त हात पुढे करून तो डाग दाखवला. मग तिने विचारणं सोडलं आणि डागाला खोबरेल लावायला सुरुवात केली.

खर्च होईल तसा पगार आखडायचा. किराणा भरून आला की खांद्याएवढा, लाइटबिल आणि औषधं झाली की कमरेएवढा. महिना सरता सरता तो कोनाड्यात बसवण्याइतका उरायचा, आणि एका सकाळी बघावं तर कोनाड्यात नुसता सदरा. तो धुवायचा, घडी घालायची आणि ट्रंकेत ठेवायचा, हे काम घरच्या बाईचं. पगाराला आंघोळीचं पाणी काढणं, गरम गरम वाढणं, पडवीत अंथरूण घालणं, हेही तिचंच. सुहासच्या पगाराला चहात आलं लागायचं. खुद्द सुहासला आलं चालत नसे, पण परमुलखातून आलेल्याची चव बदलते, असं वासंतीने मनाशी ठरवलं होतं.

एवढी सरबराई करूनही पगाराला जागचं उठवायचा अधिकार मात्र तिला नव्हता. आता बोला!

त्यामागे नियम होता. पगार अंगणात आला की घरच्या बाईने त्याच्या पायांवर पाणी घालायचं, भाकरतुकडा ओवाळून टाकायचा आणि उखाण्यात नवऱ्याचं, नाहीतर कमावत्या मुलाचं, नाव घ्यायचं. नाव घेतल्याशिवाय पगार उंबरा ओलांडत नसे. उन्हात तिष्ठत उभा राहील, पण आत येणार नाही. आणि ज्याच्या नावाने तो आत येई, त्याच्याच सांगण्याने उठे-बसे. नाव घेतलेला माणूस तर हजार कोस लांब. म्हणून पुरुष जाताना भावाच्या किंवा बापाच्या नावे मुखत्यारपत्र करून देत. सुहासने ते धाकट्या भावाला, दिगंबरला, दिलं होतं. वासंतीची चप्पल तुटली तर तिने भावजींना सांगायचं, भावजींनी पगाराला "ऊठ" म्हणायचं, मग पगार उठून त्यांच्याबरोबर दुकानात जायचा आणि चप्पल घेऊन यायचा. कधी पायाला व्हायची, कधी व्हायची नाही.

दिगंबर वाईट माणूस होता, असं कुणी म्हणणार नाही. त्याला बांधकामाची हौस होती, एवढंच. चिऱ्याच्या साध्या घरावर त्याने भावाच्या पगारातून एक मजला चढवला, त्यावर दुसरा चढवला. खोल्यांना कुलपं लावली, कारण राहायला माणसंच नव्हती. खाली वासंती, तिची सासू आणि दिगंबर, एवढी तिघं. रोज वरच्या रिकाम्या खोल्या झाडताना वासंतीला वाटायचं, हा माणूस तिकडे उन्हात भाजतो आणि इकडे त्याच्या गुलाबी लाद्या होतात. पगार लाद्यांच्या दुकानात निमूट उभा राहिलेला तिने एकदा बघितला होता. मान खाली घालून उभा होता बिचारा. तिला असं भडभडून आलं की भाजीची पिशवी तिथेच विसरून ती घरी आली.

नियमाला धक्का लागल्याची एकच घटना गावाला आठवत होती. पलीकडच्या भिकीबाईचा मुलगा कुवेतला. म्हातारीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि पगार दारात आला तेव्हा ती गडबडली आणि मुलाऐवजी स्वतःचंच नाव घेऊन बसली. झालं! पगार आत आला तो थेट तिच्या मागे. ती विहिरीवर तर तो विहिरीवर, ती गोठ्यात तर तो गोठ्यात. पुतण्याने "ऊठ" म्हटलं तर ढिम्म. शेवटी भिकीबाई म्हणाली, "चल बाबा, डोळ्यांचं तरी करून येऊ," आणि तो तिला शहराच्या दवाखान्यात घेऊन गेला. येताना म्हातारीला एसटीवरची पाटी वाचता येत होती. ग्रामसभेत या प्रकारावर चर्चा झाली, 'अनवधानाने घडलेली चूक' अशी नोंद झाली आणि पुन्हा घडू नये अशी समज देण्यात आली. भिकीबाईने मान डोलावली.

ही गोष्ट वासंतीच्या डोक्यात राहिली होती. पण गिरणीचा लिलाव निघेपर्यंत ती नुसतीच राहिली होती.

सुरंगवाडीत सोसायटीची भातगिरण होती. गिरण चालवणारा म्हातारा वारला आणि ती बंद पडली. तेव्हापासून बायका भाताची पोती डोक्यावर घेऊन डोंगरापलीकडच्या गावात भरडायला जात. चढण अशी की येताना मान बधिर व्हायची. वासंतीच्या सासूला, म्हणजे आयेला, एकदा त्या उतरणीवर पोत्यासकट घसरायला झालं, आणि तेव्हापासून ती काठी घेऊन चालू लागली. आता सोसायटीने गिरण विकायला काढली होती, आणि घेणार कोण, तर तालुक्याचा भंगारवाला. तो यंत्र तोडून नेणार होता. म्हणजे ती चढण बायकांच्या मानेवर कायमची बसली.

वासंतीच्या माहेरी गिरणच होती. पट्ट्याच्या आवाजात ती झोपली होती, पट्ट्याच्या आवाजात जागी झाली होती. सोसायटीच्या दाराच्या फटीतून ते धूळ खात पडलेलं यंत्र बघितलं की तिचे हात शिवशिवायचे.

"भावजी, ती गिरण आपण घेऊ या का?" तिने विचारलं.

दिगंबर गॅलरीचा नकाशा बघत होता. "गिरण? आणि चालवणार कोण?"

"मी."

तो मनापासून हसला. "वहिनी, तुम्ही म्हणजे अगदीच हां! अहो, रस्त्याकडे गॅलरी निघत्येय आपली. एसटीतली माणसं माना वळवून बघतील. गिरणीकडे कोण बघतंय?"

शुक्रवारी सुहासचा फोन आला तेव्हा तिने त्यालाही विचारलं. तो थकलेला होता. "भाऊ म्हणेल तसं कर," म्हणाला, आणि मग, "तुला येते का गं चालवायला?"

"येते."

"मला कधी बोलली नाहीस."

"तुम्ही कधी विचारलंत?" तेवढ्यात लाइन गेली.

लिलाव नेहमीप्रमाणे पगार उतरायच्या दिवशीच ठेवला होता. पगार अंगाने भरलेले असताना बोली चांगली लागते, असा सोसायटीचा अनुभव होता.

त्या सकाळी गाडी आली आणि गाव बघत राहिलं. सुहासच्या कंपनीने जुन्या माणसांना बक्षिसी दिली होती, त्यामुळे त्याचा पगार एसटीच्या दारातून वाकून, आडवा होऊन बाहेर पडला. उभा राहिला तेव्हा थांब्याच्या पत्र्याला त्याचं डोकं लागत होतं. कंडक्टरने दीड तिकीट घेतलं होतं. मागे पोरं, पुढे कुत्री, अशी वरात गोताडांच्या अंगणात आली. तिथे दिगंबर गवंड्याला घेऊन तयारच होता. गवंडी अर्ध्या झालेल्या गॅलरीला सुतळी लावून बसला होता.

आये भाकरतुकड्याचं ताट घेऊन ओटीवर उभी होती. वासंतीने पगाराच्या पायांवर पाणी घातलं. बूट काढल्यावर तळव्यांच्या भेगा दिसल्या. एवढा मोठा पगार, तर भेगाही तशाच. तिने भाकरतुकडा ओवाळला, डाव्या-उजव्या हाताला टाकला आणि उभी राहिली.

"घ्या नाव," दिगंबर म्हणाला. "गवंडी खोळंबलाय."

एरवीचा तिचा उखाणा ठरलेला होता. 'मस्कतच्या उन्हात राबतात हात, सुहासरावांचं नाव घेते, पगारा ये आत.' तो तिच्या ओठांवर आलाही होता. तेवढ्यात तिची नजर त्या मनगटावरच्या डागाकडे गेली. किती वर्षं खोबरेल लावलं होतं तिने तिथे! तिला वाटलं, हा जेवढा त्यांचा आहे, तेवढा माझाही आहे. आणि असं वाटल्यावर भीती कुठल्या कुठे गेली. ती खणखणीत आवाजात म्हणाली,

"ताट मी वाढते, अंथरूण मी घालते,
वासंतीचं नाव घेते, पुढे मी चालते!"

कुंपणापलीकडून भिकीबाई तेवढी "अगो बाय!" म्हणाली.

पगाराने मान वाकवली आणि उंबरा ओलांडला. बाकावर बसला, आल्याचा चहा घेतला. वासंतीने कप विसळून ठेवला, पदर खोचला आणि म्हणाली, "ऊठ. चल."

तो उठला.

"ए, बस खाली!" दिगंबर ओरडला. पगाराने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "आये, बघतेस काय? सांग हिला!"

आयेने हातातलं ताट ओटीवर ठेवलं. "नाव नवऱ्याचं घेतात गो," एवढंच ती म्हणाली, आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसली. ते मात्र वासंतीला लागलं. पण ती थांबली नाही.

सोसायटीच्या ओट्यावर सचिव टेबल टाकून बसले होते. शेजारी भाताचा वजनकाटा. लिलाव वजनावर होता. भंगारवाल्याचे पैसे आधीच काट्यावर उभे होते. पाच-सहा जण होते, एकाचा चेहरा दुसऱ्याशी जुळत नव्हता आणि कुणीच कुणाकडे बघत नव्हतं. सचिवांनी त्यांचं वजन लिहून घेतलं.

"हरकत!" दिगंबर धापा टाकत आला आणि त्याने मुखत्यारपत्र टेबलावर आपटलं. "या पगारावर अधिकार माझा."

सचिवांनी चष्मा लावून पत्र वाचलं, उलटून वाचलं. "हे पत्र सुहास गोताड यांच्या नावाने आत आलेल्या पगारापुरतं आहे. हा कुणाच्या नावाने आत आला?"

"माझ्या," वासंती म्हणाली.

"खात्री करावी लागेल. याला बसवा."

"बस," ती म्हणाली. पगार बसला.

"उठवा."

"ऊठ." पगार उठला.

"दिगंबरराव, आता तुम्ही." दिगंबरने बस म्हणून पाहिलं, दरडावून पाहिलं, शेवटी "बस की रे बाबा" असं अजिजीने म्हणून पाहिलं. पगार उभाच. सचिवांनी 'समक्ष खात्री केली' असं लिहिलं आणि पत्र परत दिलं.

पगार काट्यावर चढला. काटा करकरला. सुई सरसर वर गेली, भंगारवाल्याच्या खुणेजवळ आली, आणि थांबली. केसभर अलीकडे.

"कमी पडतंय," सचिव म्हणाले. "आणखी कुणी आहे का?"

वासंतीच्या तोंडचं पाणी पळालं. घरात दुसरं होतं काय? मागचा पगार तर सदऱ्यासकट ट्रंकेत गेला होता. गर्दीतल्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. भंगारवाला गिरणीत शिरून खिशातून पाना काढून यंत्राच्या नटाला लावून बघायलाही लागला.

"वाईच सरका गो," म्हणत भिकीबाई पुढे आली. तिच्या कडेवर तिच्या मुलाचा गेल्या महिन्याचा पगार होता, सरत आलेला, रांगत्या पोराएवढा. तिने त्याला काट्यावर, सुहासच्या पगाराच्या खांद्यावर बसवलं. "धर रे घट्ट."

"भिकीबाई," सचिव म्हणाले, "हा पगार तुमच्या मुलाच्या नावाने आत आलेला असणार. पुतण्याची संमती लागेल."

"नाय हो सचिव. गेल्या महिन्याला पुन्हा चुकले."

"पुन्हा? तुमचे डोळे तर बरे झालेत ना?"

"डोळे झाले. जिभेचं काय सांगावं?"

सचिवांनी तिलाही बसव-उठव करायला लावलं. छोटा पगार खांद्यावरच बसला, उभा राहिला आणि पुन्हा बसला. तक्रारीला जागा नव्हती. सुई हलली, खूण ओलांडून पलीकडे गेली आणि तिथेच राहिली. सचिवांनी टेबलावर तीनदा हात आपटला. भंगारवाल्याने पाना खिशात घातला आणि आपली माणसं घेऊन टेम्पोत बसला.

पगार गिरणीच्या दारातून आत गेला. जाताना त्याला पुन्हा वाकावं लागलं. बाहेर आला तेव्हा तो वासंतीच्या कमरेएवढा होता. छोटा तर आलाच नाही, त्याचा सदरा तेवढा भिकीबाईच्या हातात आला. तिने तो झटकला, घडी घातली आणि म्हणाली, "कोंडा माझ्या कोंबड्यांना. बाकी तू बघ." भागीदारीची बोलणी एवढीच झाली.

यंत्र साफ करायला, पट्टा बदलायला आणि वीज जोडून घ्यायला पगाराचं उरलेलं अंग गेलं. ज्या दिवशी गिरण सुरू झाली, त्या दिवशी बायका भाताची पोती घेऊन रांगेने उभ्या होत्या. पट्टा फिरला, धडधड सुरू झाली आणि तांदूळ पांढरा सळसळत खाली आला. वासंतीच्या डोळ्यांत पाणी आलं. कोंडा गेला डोळ्यांत, असं तिने कुणाला सांगितलं नाही. रडायला आलं म्हणून ती रडली.

शुक्रवारी सुहासचा फोन आला. भावाने त्याला काय काय कळवलं होतं, देव जाणे.

"पगार पोचला ना?" त्याने विचारलं.

"पोचला."

"कुठाय?"

"गिरणीत."

मग तो म्हणाला, "आवाज ऐकव."

तिने फोन पट्ट्याजवळ धरला. हात भरून आला तरी धरून ठेवला. शेवटी त्याचा आवाज आला, "खोलीतल्या सगळ्यांना ऐकवला. बायकोची गिरण आहे म्हटलं." मग म्हणाला, "आता जेवतो."

घरात मात्र आये बोलत नव्हती. ताट वाढलं की जेवायची, ताट उचललं की उठायची. दिगंबरने अर्ध्या गॅलरीवर कपडे वाळत घालायला सुरुवात केली होती. येता-जाता लोक त्याला "काय दिगंबर, तांदूळ कधी मिळतील?" असं विचारत, आणि आधी चिडणारा तो हळूहळू "सकाळी गर्दी असते, दुपारचे या," असं सांगू लागला होता.

पहिला महिना भरला. संध्याकाळी वासंती गिरण बंद करून घरी आली, हात-पाय धुतले, आणि बघते तर अंगणात कुणीतरी उभं. उंचीने जेमतेम तिच्या गुडघ्याएवढी, पदर खोचलेली, केसांत कोंडा, आणि नाक थेट वासंतीचं. गिरणीची पहिली कमाई पाठोपाठ चालत आली होती. एसटी नाही, तिकीट नाही, आपल्या पायांनी. ती उंबऱ्यापाशी येऊन थांबली आणि वर बघू लागली.

वासंती तिच्याकडे बघतच राहिली. आपलं स्वतःचं असं काही घरी चालत येईल, हे तिच्या स्वप्नातही नव्हतं. अभिमानाने तिचा ऊर असा भरून आला की आधी पाणी आणायचं की आधी भाकरी, हेच तिला सुचेना. मग ती लगबगीने तांब्या आणि भाकरतुकडा घेऊन आली आणि ओवाळायला वाकली.

"थांब गो!"

आये काठी टेकत ओटीवर आली होती. "बाईमाणसाने स्वतःच स्वतःला ओवाळायचं? मी काय मेल्येय? आण ते इकडे."

तिने काठी भिंतीला टेकवली. खाली बसून त्या चिमुकल्या पायांवर पाणी घातलं, पदराने पुसलं. भाकरतुकडा ओवाळून टाकला. मग उभी राहिली आणि घसा खाकरला. जन्मभर तिने नवऱ्याचंच नाव घेतलं होतं. शेजारच्या बायका कुंपणाशी गोळा झाल्या. गॅलरीतून दिगंबर वाकून बघत होता.

"गिरण फिरली धडधड, गावभर गेला आवाज,
वासंतीचं नाव घेते, पहिल्यांदाच आज!"

कमाई उंबरा ओलांडून आत आली.

दुसऱ्या दिवशीच्या गाडीने सुहासचा पगार आला. वासंतीने त्याच्या पायांवर पाणी घातलं आणि नाव घेतलं, या वेळी दोघांचं, एकाच उखाण्यात. नियमात तशी मनाई कुठे नव्हती. पगार आत आला, बाकाशी गेला आणि तिथे कोण बसलंय ते बघून क्षणभर उभा राहिला. मग अगदी कडेला बसला आणि तिला पाय पसरता यावेत म्हणून आणखी थोडा सरकला. वासंतीने दोन कप चहा टाकला. एकात आलं घातलं, आणि दुसऱ्यात काय घालायचं ते विचारायला बाहेर आली.